अर्धा चमचा मीठ आणि एक रागावलेलं पत्र

आज कुठल्याही आजाराबद्दल लिहीत नाही. गेली काही वर्षं मी तुमच्यासाठी हे लेख लिहितो आहे, आणि अधूनमधून कोणीतरी विचारतं, "डॉक्टर, दवाखाना सांभाळून हा उद्योग कशाला? आणि लोक वाट्टेल ते बोलतात तेव्हा तुम्हाला राग येत नाही का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. येतो. चांगलाच येतो. तो आल्यावर काय करायचं, हे मला एका निवृत्त शिक्षिकेने शिकवलं, आणि तीच गोष्ट आज सांगायची आहे. तिच्यात एका आठ महिन्यांच्या बाळाचा जीव गुंतलेला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ होती. दवाखान्यात रोज तेच सांगून घसा बसला, म्हणून मी जलसंजीवनीवर एक लेख लिहिला. मेडिकलमध्ये ओआरएसचं पाकीट मिळालं तर उत्तम, पण रात्री-अपरात्री मिळालं नाही तर घरी कसं करायचं, ते त्यात होतं. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे वाक्य मी विद्यार्थी असताना पाठ केलेलं. तीस वर्षं रुग्णांना सांगत आलेलो. लिहिताना दुसऱ्यांदा वाचूनही पाहिलं नाही.

लेख खूप फिरला. "छान माहिती", "उपयुक्त लेख", हात जोडलेली चित्रं. मी खुशीत होतो.

पंधरा दिवसांनी मोबाइलवर चार पानी पत्राचे फोटो आले. वहीच्या रेघी कागदावर, निळ्या शाईत, शाळेतल्या फळ्यावरचं असावं तसं अक्षर. मजकूर मात्र गोड नव्हता. थोडक्यात असा: त्यांच्या शेजारच्या घरी आठ महिन्यांच्या नातवाला जुलाब लागले. सुनेने माझा लेख वाचून पाणी तयार केलं. बाईंनी सहज बोट बुडवून चाटलं, तर तोंड वेडंवाकडं झालं, इतकं खारट. "कुठल्या चमच्याने मीठ घातलंस?" असं विचारल्यावर तिने भाजी वाढायचा चमचा दाखवला. बाईंनी ते पाणी मोरीत ओतलं आणि बाळाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. बाळ बरं झालं. पुढे बाईंनी विचारलं होतं: डॉक्टर, तुमच्या घरात चमचा एकाच मापाचा असतो का? आमच्याकडे चहाचा असतो, पोह्याचा असतो, मिसळणाच्या डब्यातला असतो, वाढायचा असतो. चौथीच्या मुलाने गणितात असं मोघम उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. तुम्हाला लोक मोठे म्हणतात, म्हणून तुम्हाला तपासायला कोणी नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, चमचा म्हटल्यावर चहाचा चमचा हे कळत नाही का? सगळ्या जगात हेच लिहितात. वाढायच्या चमच्याने बाळाच्या औषधात मीठ घालणाऱ्या माणसाची चूक माझ्या माथी का? आणि त्या 'शून्य'चा तर फारच राग आला. उत्तर लिहायला घेतलं. ते सभ्य भाषेत होतं, पण त्यातला प्रत्येक शब्द 'मी डॉक्टर आहे, तुम्ही नाही' हेच सांगत होता. तेवढ्यात जेवायला हाक आली आणि ते उत्तर अर्धवट राहिलं. नशीब.

जेवण झाल्यावर मुलीचा केक करायचा छोटा वजनकाटा काढला आणि ओट्यावर मिठाची बरणी घेऊन बसलो. बायको म्हणाली, "आता काय नवीन?" चहाचा छोटा चमचा, काठापर्यंत सपाट करून, त्याचा अर्धा: साधारण ३ ग्रॅम. टेबलस्पून म्हणतात तो मोठा चमचा, तोही सपाट करून अर्धा: ९ ग्रॅम. पण मोठा चमचा सपाट कोण करतं? बायकोला म्हटलं, "तुझ्या सवयीने अर्धा भर." काटा बारा ग्रॅमच्या पुढे गेला.

आता या आकड्यांचा अर्थ बघा. ओआरएसच्या प्रमाणित पाकिटात एक लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ असतं, १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि त्याशिवाय पोटॅशियम व सायट्रेटचे क्षार असतात. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. आपल्या आतड्याच्या अस्तरात अशी दारं आहेत, की ज्यांतून साखर आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबातसुद्धा ही दारं चालू असतात, म्हणून तर तोंडावाटे पाणी देऊन माणूस वाचतो. पण जोडी बिघडली की काम बिघडतं. नऊ ग्रॅम मीठ म्हणजे थेट सलाइनच्या बाटलीतलं प्रमाण. मोठ्या माणसाला शिरेतून सलाइन देतो तो हिशेब वेगळा. जुलाबाने सुकलेल्या बाळाने तेवढं मीठ पोटातून घेतलं तर रक्तातलं सोडियम वाढतं, बाळ आधी चिडचिडं होतं, मग गुंगीत जातं, झटके येऊ शकतात. त्याच मोठ्या चमच्याने सहा चमचे साखर घातली तर आणखी घोळ: साखर फार झाली की पाणी आतड्यातून शरीरात येण्याऐवजी शरीरातून आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणजे ज्या पाण्याला आपण संजीवनी म्हणतो, ते चमचा बदलला की आजार वाढवणारं पाणी होतं.

बाईंनी दिलेलं शून्य बरोबर होतं.

ते अर्धवट उत्तर पुसलं आणि दोन ओळी लिहिल्या: "बाई, चूक माझी आहे. आज दुरुस्त करतो." लेखाच्या अगदी वर, तारीख घालून, काय चुकलं होतं ते लिहिलं. मजकूर गुपचूप बदलला असता तर कोणाला कळलंही नसतं, पण ज्यांनी जुना मजकूर वाचून ठेवला होता त्यांना चूक कळणार कशी? आता तिथे असं आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, शक्यतो उकळून गार केलेलं, ५ मिलिचा चहाचा छोटा चमचा, बोटाने किंवा सुरीने काठाशी सपाट केलेला, साखर सहा, मीठ अर्धा. बाळाला देण्याआधी स्वतः चाखून पाहा. आपल्या अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. आईचं दूध चालू ठेवा. आणि पाकीट मिळत असेल तर पाकीटच वापरा, पण त्याच्यावर किती पाण्यात मिसळायचं ते वाचून. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात मिसळणारे लोक मला दर साथीत भेटतात. बाळ दूध-पाणी घेत नसेल, पेंगुळलेलं असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी सहा तासांत झाली नसेल किंवा शौचात रक्त असेल, तर घरी पाणी करत बसू नका, दवाखाना गाठा.

जुना मजकूर मात्र अजून फिरतो आहे. परवाच माझ्या भाच्याने मला पाठवला, खाली माझं नाव नाही, वर कुठल्यातरी गटाचं नाव. लेख एकदा सुटला की हातात राहत नाही. "सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ" एवढंच लिहिलेलं, कोणता चमचा हे न सांगणारं काही तुमच्या मोबाइलवर असेल, तर ते पुसून टाका, आणि ज्यांना पाठवलं असेल त्यांना कळवा. आजच्या लेखात तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

आता मूळ प्रश्न: लिहायचं कशाला?

दवाखान्यात एका रुग्णाला मी किती वेळ देतो? बाहेर वीस माणसं बसलेली असताना सात-आठ मिनिटं, त्यातली निम्मी तपासण्यात जातात. "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी थांबवली" असं म्हणणाऱ्या माणसाला, बीपी गोळीमुळे नॉर्मल आलंय हे मी सांगतो, तो मान हलवतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा थांबवून येतो. मान हलवणं म्हणजे कळणं नव्हे. घरी निवांत वाचता येईल असं काही हातात असावं, बायको-मुलांनाही वाचता यावं, म्हणून मी लिहू लागलो. हे खरं कारण आहे. पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण असं की, केस पेपरवर तीस वर्षं तेच ते खरडल्यावर आपलं म्हणणं कोणीतरी वाचावं, आपलं नाव निघावं, ही हौस माणसाला असते. मलाही आहे. लिहिणारा जो कोणी ही हौस नाकारतो, त्याच्यावर मी पटकन विश्वास ठेवत नाही. आणि हे कबूल करून ठेवलेलं बरं, कारण टीका झाली की नेमकी हीच हौस दुखावते. माहिती दुखावत नाही.

दवाखान्यात आणि लिहिण्यात एक मोठा फरक आहे. समोर बसलेल्या आजींना मी "जेवणाआधी" म्हणालो आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली, तर मला लगेच कळतं, की या दिवसातून एकदाच जेवतात. मी वाक्य बदलतो. लिहिताना ती आठी दिसत नाही. मी खोलीत एकटा असतो आणि माझं प्रत्येक वाक्य मला स्वच्छ वाटतं. रागावलेलं पत्र ही ती न दिसलेली आठी असते, जरा उशिरा पोचलेली. कौतुकाच्या पत्रात ती नसते. माझ्या त्या लेखाला "उपयुक्त" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ते पाणी करून चाखलं नव्हतं.

ओआरएसचीच गोष्ट पुढे नेतो, कारण तिथे हे फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पिंपातून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि रुग्णांना पाजायला सांगितलं. शंभरातले तीसेक मरत होते, ते प्रमाण चारांच्या खाली आलं. औषध सिद्ध झालं. पण सिद्ध झालेलं औषध घराघरात पोचवणं हे निराळंच काम निघालं. १९८० मध्ये बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने गावोगाव बायका पाठवून आयांना घरचं मीठ-गुळाचं पाणी शिकवायला सुरुवात केली. घरोघरी एकसारखा चमचा नव्हता, म्हणून माप हाताचं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने नेऊन त्यातलं मीठ प्रयोगशाळेत मोजलं जाई. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: शिकवणाऱ्या बाईचा पगार तिने किती घरं केली यावर ठरत नसे, आईच्या लक्षात किती राहिलं यावर ठरे. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन आईलाच विचारी.

तरीही सुरुवातीला आया शिकत, पण मूल आजारी पडलं की ते पाणी फारशा करत नसत. इथे संस्थेला "बायका अडाणी आहेत" म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी जाऊन विचारलं. तेव्हा कळलं, की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना ते पाणी कसं काम करतं हे समजावलं गेलं, आणि पुरुषांशी बाजारात, मशिदीत बोलणं सुरू झालं. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. माझ्या लेखाला दहा हजार वाचक मिळाले म्हणून मी फुगलो होतो. ब्रॅकच्या हिशेबाने मला त्या महिन्यात पगारच मिळाला नसता.

तज्ज्ञाने लिहिलेलं कोणी तपासलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण फार जड आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. साधी, प्रेमळ भाषा, आईबापांना धीर देणारं. कोट्यवधी प्रती खपल्या. १९५०च्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात सल्ला आला, की बाळाला पोटावर झोपवावं, कारण उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल. ऐकायला किती पटतं! मीही तेव्हा डॉक्टर असतो तर हेच सांगितलं असतं. पण पालथं झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो, असं पुढे दिसलं. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि नंतरच्या वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००५ साली सगळ्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निष्कर्ष निघाला, की १९७०पर्यंत जमलेला पुरावा कोणी नीट एकत्र पाहिला असता तर धोका तेव्हाच दिसला असता. मधली वीस-बावीस वर्षं तशीच गेली. स्पॉक वाईट माणूस नव्हते, निष्काळजीही म्हणवत नाही. सल्ला पटण्यासारखा होता आणि सांगणारा आवडता होता, इतकंच.

(तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर: पाठीवर झोपवा, घट्ट गादीवर, तोंडाजवळ उशी-दुलई नको.)

सगळी टीका अशी डोळे उघडणारी असते असं समजू नका. मी प्रत्येक पत्रापुढे मान तुकवतो असं मुळीच नाही.

सर्दी-खोकल्यात अँटिबायोटिक नको, असं मी लिहिलं तेव्हा एका बांधकामावर काम करणाऱ्या माणसाने आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "साहेब, तुम्ही पुस्तकातलं बोलता. माझा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. आमचा डॉक्टर सुई टोचतो, सकाळी कामावर जातो मी." आता विज्ञान यात तसूभरही बदलत नाही. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही आणि त्या सुईत बहुधा ताप-दुखणं उतरवणारं औषध असतं, जे गोळीतूनही तितकंच मिळतं. पण माझा लेख त्याला काय देत होता? "विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या." ज्याला विश्रांती परवडत नाही त्याला हा सल्ला म्हणजे चेष्टाच. मी निष्कर्ष तसाच ठेवला आणि लेख बदलला: तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी किती अंतराने घ्यायची, सर्दी सात-दहा दिवस चालते आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला तरी घाबरायचं नाही, आणि कुठल्या लक्षणांवर खाडा झाला तरी डॉक्टरकडे जायचंच: धाप, छातीत दुखणं, तीन दिवसांच्या पुढे ताप, थुंकीत रक्त. त्याची तक्रार बरोबर होती, निदान चूक होतं. रुग्णांचंही बहुतेकदा असंच असतं. "ॲसिडिटी झाली" म्हणून आलेल्या माणसाला ॲसिडिटी नसेल, पण दुखतंय हे खोटं नसतं.

आणि तिसरा प्रकार. इन्सुलिनवर लिहिलं की हमखास येतो. "इन्सुलिन विष आहे, तुम्ही कंपन्यांचे दलाल, कारल्याचा रस घ्या." यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या मी वेगळ्या करतो. 'तुम्हाला पैसे कोण देतं?' हा प्रश्न रास्त आहे, कितीही उद्धटपणे विचारला तरी. त्याचं उत्तर: या लेखांसाठी कोणी नाही. पण अनेक वर्षांपूर्वी एका औषध कंपनीच्या खर्चाने मी एका परिषदेला गेलो होतो, हॉटेलातही राहिलो. तेव्हा त्यात गैर वाटलं नाही, आज वाटतं. तुम्हाला हे माहीत असलेलं बरं. दुसरी गोष्ट, इन्सुलिन विष आहे, यावर मात्र माझ्याकडे 'दोन्ही बाजू' नाहीत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी टाइप १ मधुमेहाची मुलं उपाशी ठेवून काही महिने जगवली जात आणि मग जात. टाइप १च्या मुलाचं इन्सुलिन बंद करणं म्हणजे काही दिवसांत त्याला बेशुद्धीकडे ढकलणं. हे मी एकदा लिहितो, शांतपणे, आणि लिहितो ते त्या माणसासाठी नाही. जी आई हा वाद गप्प राहून वाचते आहे आणि जिच्या मनात शंका आली आहे, तिच्यासाठी. नंतर त्या माणसाने कितीही लिहिलं तरी उत्तर देत नाही. वाद जिंकायला गेलं की मी तिला विसरतो.

एक मोह मात्र टाळावा लागतो. टीका झाली की प्रत्येक डॉक्टरला आपण सेमेलवाइस आहोत असं वाटतं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू खाली आणणारा तो माणूस; लोकांनी ऐकलं नाही, म्हणून त्याने नामवंत डॉक्टरांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं. तो बरोबर होता. पण लोक आपल्यावर चिडले एवढ्याने आपण बरोबर ठरत नाही. त्याच्याजवळ मृत्यूंचे आकडे होते. माझ्याजवळ त्या दिवशी फक्त एक अर्धा चमचा होता.

आणि आपल्याकडचं नाव घ्यायचं तर र. धों. कर्वे. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. लैंगिक आरोग्याबद्दल लोक जे कुजबुजत, ते त्यात सरळ मराठीत छापून येई. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. कशावरून झाला खटला, तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. खटला हरले, दंड भरला, मासिक चालू ठेवलं. कर्वे जिभेचे तिखट होते, आणि त्यांची सगळी मतं मला पटतात असंही नाही. पण लाजेने किंवा भीतीने ज्याला दुसरीकडे विचारता येत नाही, त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच पाहिजे, हे त्यांनी पाव शतक धरून ठेवलं. त्यांना दंड होत होता. आम्हाला फार तर 'शून्य' मिळतं, आणि तेही निळ्या शाईत.

त्या बाईंची पत्रं आता नेमाने येतात. कौतुक एकदाही नाही. मी नवा लेख लिहिला की, "बाई काय म्हणतील?" असं मनात एकदा वाचतो, तरी त्यांना काहीतरी सापडतंच. गेल्या आठवड्यातलं पत्र थायरॉइडच्या लेखावर आहे. मी लिहिलं होतं, गोळी सकाळी उपाशीपोटी घ्या, नंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नका. बाई विचारतात: "माझा भाचा कारखान्यात रात्रपाळी करतो. पहाटे तीनला डबा खातो, सकाळी आठला घरी येऊन झोपतो. त्याची सकाळ कुठली? आणि तुमच्या लेखात रात्रपाळीची माणसं का नसतात?"

बाई, उपाशीपोटी म्हणजे घड्याळातली सकाळ नव्हे. शेवटचं खाऊन तीन-चार तास झालेले असावेत, एवढाच त्याचा अर्थ. तीनला डबा खाल्ला असेल तर आठला घरी आल्यावर, झोपण्याआधी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायला सांगा. वर चहा नको. रोज तीच वेळ. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तास दूर ठेवायची. पाळी बदलली की आपल्या डॉक्टरांशी बोलून नवी वेळ ठरवायची आणि दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासायचं. लेखात हे आज घातलं आहे, तारखेसकट.